झाकली मूठ आणि उघडे पुस्तक



रविवारी सकाळी वंदना आटोपली की पुष्कळ विहारांतून मुले वाचायला बसतात. नाशिक शहरात आणि भोवतालच्या वस्त्यांत अशी लहान वाचनालये आहेत. कुठे एक कपाट असते, कुठे नुसती पत्र्याची पेटी. अशा ठिकाणी एखादा चुणचुणीत मुलगा उभा राहतो आणि म्हणतो, "पुस्तक तुमच्याच हातात राहू द्या. तुम्ही मनात एक आकडा धरा, मी सांगतो तसे गणित करा, येईल ते पृष्ठ उघडा. त्यावरचा शब्द मी इथूनच सांगतो." आणि तो सांगतो! सोबतची वाचक मंडळी तोंडात बोट घालतात. मागे बसलेले एखादे वडीलधारे गृहस्थ मात्र अस्वस्थ होतात.

त्यांची अस्वस्थता खोटी नाही. ते म्हणतात, आपण पंचशील घेतले आहे, चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. मग विहारात बसून फसवाफसवी कशाला? आणि दुसरे असे की, सोंगट्या, पत्ते, नाणी काय थोडी आहेत? खेळ करायला पुस्तकच सापडले काय?

हा दुसरा आक्षेप आधी घेऊ. तो मनाला अधिक लागतो. आपल्या वाडवडिलांना अक्षर शिवू दिले गेले नाही. शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात तप्त रस ओतावा, असे गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलेले आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. त्याच भीमरावांनी पुढे दादरला राजगृह बांधले ते आपल्या ग्रंथांना जागा पुरावी म्हणून. इतक्या कष्टाने हाती आलेली वस्तू खेळणे कशी होऊ द्यावी, असे वाटणे साहजिक आहे. पण या आदराचे घराघरांत काय होते, तेही पाहा. बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुष्कळ घरी निळ्या किंवा पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून उंच फळीवर ठेवलेला असतो. त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात, अगरबत्ती लावतात. वर्षावासात तो उतरवतात, पुन्हा बांधून ठेवतात. घरातल्या लेकराचा हात लागला तर "खाली ठेव, मळेल!" म्हणून ओरडतात. ग्रंथ आपल्यापासून पूर्वी दुसऱ्यांनी दूर ठेवला होता. आता आपणच तो आपल्या मुलांपासून दूर ठेवीत नाही ना?

ग्रंथ म्हणून ग्रंथ पवित्र, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांनी एका ग्रंथाचे दहन घडवून आणले आणि जन्मभर हजारो ग्रंथ पोटच्या पोरासारखे जपले. दोन्ही गोष्टींमागे एकच कारण होते : त्यांनी ते वाचले होते. तथागतांनीही कालामांना सांगितले ते हेच की, एखादी गोष्ट ग्रंथात आहे एवढ्यावरून ती स्वीकारू नका. तेव्हा ज्या मुलाने खेळासाठी का होईना पुस्तक उघडले, पृष्ठे मोजली, नववी ओळ बोटाने शोधली, त्याने पुस्तकाचा अपमान केला असे मला वाटत नाही. त्याची भीड चेपली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम चालवून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत नेल्या. पण पेटी दारात आली तरी ती उघडायला हात धजावला पाहिजे. काही मुलांचा तो हात खेळातून धजावतो.

आता पहिला आक्षेप. खेळ म्हणजे असत्य काय?

अट्ठकथाकारांनी असत्याची चार अंगे सांगितली आहेत. गोष्ट मुळात खोटी असावी, फसविण्याची इच्छा असावी, त्यासाठी प्रयत्न झालेला असावा आणि ऐकणाऱ्याला ते तसे समजलेले असावे. या चार अंगांवर आपल्या त्या मुलाचा खेळ पारखून बघा. तो जर म्हणाला, "मला तुमच्या मनातले कळते", तर चारही अंगे पुरी झाली. ते असत्यच, त्याला खेळ म्हणून सूट मिळत नाही. पण तो जर म्हणाला, "यात एक युक्ती आहे, ओळखा पाहू", तर त्यात खोटे असे काय उरले? आकडा खरा, गणित खरे, शब्दही खरा. लपविली ती फक्त युक्ती. आणि ती लपविली आहे हेही त्याने सांगून टाकले. म्हणून पालकांना माझी पहिली सूचना अशी की, मुलाच्या हातांकडे पाहू नका, त्याच्या तोंडच्या वाक्याकडे लक्ष द्या.

एवढ्याने मात्र प्रश्न सुटत नाही. खरी अडचण पुढे आहे. ती मुठीची आहे.

आपल्या मराठीत 'मूठ' हा शब्द मोठा बोलका आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. 'मूठ मारणे' म्हणजे करणी करणे. त्या नुसत्या शब्दाने गावेच्या गावे भेदरत असत आणि काही ठिकाणी आजही भेदरतात. बुवाची सारी किंमत झाकलेल्या मुठीत असते. मूठ उघडली की आत राख निघते. आणि महापरिनिब्बान सुत्तात वृद्ध, आजारी तथागत आनंदाला जे सांगतात, त्यातही मूठच आहे. पालीत तिला 'आचरियमुट्ठी' म्हणतात, म्हणजे आचार्याची झाकलेली मूठ. शिष्याला सगळे शिकवायचे, पण शेवटची एक किल्ली स्वतःजवळ ठेवायची, अशी जुन्या गुरूंची रीत होती. तथागतांनी सांगितले की, आपल्या शिकवणीत आत एक आणि बाहेर एक असे काही नाही, झाकून ठेवलेली मूठ नाही. ऐंशी वर्षांच्या शास्त्याने अखेरीस मागे वळून पाहिले, तेव्हा आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट त्यांना ही वाटली!

केवट्टाची गोष्टही येथे आठवावी. नालंदेचा हा गृहपतिपुत्र भगवंतांकडे आला आणि म्हणाला, एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. आजही असा सल्ला देणारे कमी नाहीत. भगवंतांनी तो नाकारला. अश्रद्ध माणूस म्हणेल की ही गांधारी नावाची विद्या आहे, एवढेच. मनातले ओळखून दाखविले तरी तो म्हणेल की ही मणिका विद्या. अशा प्रदर्शनांचा आपल्याला तिटकारा आहे, असेच त्यांनी सांगितले. श्रेष्ठ प्रातिहार्य म्हणून त्यांनी दाखवून दिले ते अनुशासनाचे, म्हणजे शिकविण्याचे. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच वेळूवर टांगलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाजाने ऋद्धीने काढून आणले, असे विनयपिटकात आले आहे. तो उडाला की नाही, यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका. शास्त्याने काय केले ते पाहा. टाळ्या मिळवून आलेल्या त्या भिक्खूची त्यांनी कानउघाडणी केली, ते पात्र फोडायला लावले आणि त्याचा चुरा भिक्खूंच्या डोळ्यांच्या अंजनात घालायला सांगितले. दिपवणाऱ्या वस्तूचे डोळ्यांचे औषध केले!

तेव्हा विहारातल्या खेळाची कसोटी ही : शेवटी मूठ उघडते की नाही? त्या मुलाचीच युक्ती घेऊ आणि उघडू.

कोणताही तीन आकडी अंक घ्या. पहिला आणि शेवटचा आकडा वेगळा असावा. समजा ७४२. तो उलटा करा, २४७. मोठ्यातून लहान वजा करा, ४९५. हेही उलटे करा, ५९४. दोन्हींची बेरीज करा, १०८९. आता ८३१ घ्या. उलटे १३८, वजाबाकी ६९३, उलटे ३९६, बेरीज पुन्हा १०८९. अंक कोणताही घ्या, उत्तर हेच येते. (५२४ सारख्या अंकात वजाबाकी नुसती ९९ येते. ती ०९९ अशी लिहावी म्हणजे उलटे ९९० होते आणि हिशेब जुळतो.) मुलाने काय केले? आदल्या दिवशी त्या पुस्तकाचे पृष्ठ १०८ उघडून नवव्या ओळीतला पहिला शब्द पाठ केला. बस्स! पुस्तक शंभरावर पृष्ठांचे हवे आणि त्या पृष्ठावर नऊ ओळी हव्यात, एवढीच तयारी.

असे का होते? उलट्या अंकाची वजाबाकी केली की मधला आकडा आपोआप नाहीसा होतो आणि उरते ती नेहमी ९९ च्या पाढ्यातली संख्या : ९९, १९८, २९७, ३९६ अशी ८९१ पर्यंत. या प्रत्येकीत मधला आकडा ९ आहे आणि कडेच्या दोघांची बेरीज ९ आहे. मग ती उलटी करून मिळविली की एककाचे ९, दशकाचे ९ आणि ९ मिळून १८, म्हणजे ८ आणि हातचा १, शतकाचे ९ आणि हातचा १ मिळून १०. झाले १०८९. पाचवीतल्या मुलीला हे कळते. कळले की ती घरी जाऊन भावाला करून दाखविते.

आता हेच गणित बुवाच्या हातात द्या. १०८! जपमाळेचे मणी १०८! तो तुम्हाला पृष्ठाचा आकडा सांगताना डोळे मिटील, माळेवर बोट फिरवील, पोथीला कुंकू लावील. "तुझ्या नशिबातच हे पान होते" म्हणेल. गणित तेच, पुस्तक तेच, शब्दही तोच. त्याने फक्त ९९ चा पाढा झाकून ठेवला. आपण दहाच्या हिशेबाने मोजतो म्हणून १०८९ आले, त्यात ना मणी ना नशीब. पण भेदरलेल्या माणसाला हे कोण सांगणार? ज्याने रविवारी वाचनालयात हा खेळ केला आहे, तो सांगेल.

पुस्तकातून भविष्य काढण्याचा धंदा काही नवा नाही. पोथीचे पान अंदाजाने उघडून शकुन पाहणे, चौकोनावर बोट ठेवून प्रश्नावलीतून उत्तर काढणे, ताडपत्रावरच्या पट्टीत तुमचे नाव सापडले म्हणून सांगणे, हे सारे पुस्तकाचेच खेळ आहेत. फरक एवढाच की त्यांना कोणी खेळ म्हणत नाही आणि त्यांची दक्षिणा घेतली जाते. डॉ. अब्राहम कोवूर हे मूळचे केरळचे, पुढे श्रीलंकेत स्थायिक झालेले विवेकवादी. त्यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचे आव्हान जाहीर केले. त्यातली एक अट अगदी साधी होती : बंद पाकिटातल्या नोटेचा क्रमांक वाचून दाखवा. १९७८ साली कोवूर वारले, तोवर एकालाही ते बक्षीस जिंकता आले नाही. मन वाचणारे एवढे सगळे, आणि नोटेवरचे आकडे वाचता येईनात!

महाराष्ट्रात ही मूठ उघडण्याचे काम गावोगाव झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तिचे कार्यकर्ते शाळांतून, चौकांतून बुवांचे 'चमत्कार' स्वतः करून दाखवीत आणि लगेच त्यांची कारणे सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे, लोकांना फसविणे व दहशत घालणे हा त्याखाली गुन्हा आहे. हे मी तुम्हाला घाबरविण्यासाठी लिहीत नाही. मुठी उघडण्याची किंमत काय असते ते मुलांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी लिहितो.

येथे कोणी विचारील, मग जत्रेतल्या गारुड्याचे, रंगमंचावरच्या जादूगाराचे काय? तेही गुपित फोडत नाहीत. माझे मत असे की त्यांना दोष देऊ नये. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला ठाऊक असते की ही हातचलाखी आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्या खेळाला लोक गेले ते कौतुकाने, नवस बोलायला नव्हे. पोट भरण्यासाठी रस्त्यावर खेळ करणाऱ्या भटक्या माणसाची युक्ती चारचौघांत फोडून त्याच्या ताटात माती कालविणे हा काही विवेकवाद नाही. वाचनालयाची गोष्ट वेगळी आहे. तेथे बसलेले सगळे वाचक आहेत, एकमेकांचे सोबती आहेत. त्यांच्यात एकाने जाणता आणि बाकीच्यांनी अडाणी राहावे, हे शोभत नाही. युक्ती लगेच सांगावी असेही नाही. "पुढच्या रविवारपर्यंत डोके चालवा, मग सांगतो" असे म्हणण्यात गंमत आहे आणि ते वचन पाळले तर त्यात खोटेपणाही नाही.

नाशिककरांना उघड्या हिशेबाचा एक मोठा वारसा आहे, त्याची आठवण द्यावीशी वाटते. त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने संघासाठी ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवले. त्यांतले २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आता तुम्हीच करून पाहा. महिन्याचे व्याज २०, वर्षाचे २४०, वीस जणांना बारा बारा. हिशेब चोख जुळतो! हे सगळे निगमसभेत जाहीर केले, असेही तेथेच कोरले आहे. राजाच्या जावयाचे दान, पण दर, मुद्दल आणि वाटप भिंतीवर उघडे. मुलांना लेणी दाखवायला न्याल तेव्हा हे गणित तेथेच उभे राहून करायला लावा.

आता दोन अवघड जागा सांगतो. त्या गणिताने सुटत नाहीत.

पहिली अशी. खेळ चालू असताना एखादी बाई पुढे येते. तिचा मुलगा वर्षापूर्वी गेलेला असतो, किंवा लेकीचे लग्न अडलेले असते. ती खेळणाऱ्या पोराला हळूच म्हणते, "बाळा, माझ्यासाठी पण पुस्तकात बघ ना." त्या क्षणी खेळ थांबला पाहिजे. पोराला वाटते, तिला बरे वाटेल असा एखादा शब्द सांगावा, काय बिघडते? सारे बिघडते. बुवाची पहिली पायरी हीच. पुष्कळ जण तिच्यावर दयेपोटीच चढले असतील. मुलाने पुस्तक मिटावे, तिला जवळ बसवून घ्यावे आणि सांगावे, "मावशी, यात मला काही दिसत नाही. ही गणिताची युक्ती आहे, तुम्हाला दाखवतो." ती निराश होईल. तिला निराश होऊ द्यावे, पण एकटी सोडू नये. तिच्याकडे कोण जाईल, काय मदत करील, हे विहारातल्या मोठ्यांनी बघायचे आहे.

दुसरी जागा आपल्याच घरातली. धम्मदीक्षा घेतली, देव्हारा काढला, पण आजीच्या ट्रंकेत जुना टाक अजून असतो; पौर्णिमेला ती गुपचूप त्याला हळद लावते. नातू १०८९ शिकून येतो आणि तिला हसतो, "तुझा बुवा असाच फसवतो, कळले का?" ही जिंकल्याची ऐट मला बुवापेक्षा बरी वाटत नाही. ज्याला कळले त्याने न कळलेल्याला खाली पाहायला लावायचे, ही रीत कुठून आली ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आजीला अक्षर येत नाही, तो तिचा गुन्हा नव्हे. १९३० साली काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आणि १९३५ साली येवल्याच्या परिषदेला जमलेल्या हजारोंमध्येही निरक्षर माणसे पुष्कळ होती.

तेव्हा आजीला असा खेळ द्या की ज्यात वाचावे लागत नाही. दोन सारखी जाड पुस्तके घ्या. एकाचे एक पान, त्यावर दुसऱ्याचे एक पान, असे आळीपाळीने शेवटपर्यंत एकमेकांत पसरवत जा, पत्ते पिसल्यासारखे. अर्धा तास लागतो, आणि हे काम आजीचे हात नातवापेक्षा नीट करतात. मग दोघे दोन पुस्तकांचे कणे धरून ओढा. डिंक नाही, दोरा नाही, तरी सुटत नाहीत! घरातले दोन धट्टेकट्टे पुरुष लावून पाहा. कारण एवढेच की पाने मध्ये तिरपी झालेली असतात. जितके ओढाल तितकी ती एकमेकांवर दाबली जातात आणि शेकडो पानांचे घर्षण एकत्र होते. हे सांगायला आजीला पुस्तक वाचावे लागत नाही. ती शेजारणींना बोलावून करून दाखवील आणि कारणही तिच्याच बोलीत सांगील.

आणखी एक खेळ मुलांच्या हातचा आहे. शंभर पानी वही घ्या आणि एकाआड एक पान कडेला सुताभर आखूड कापा. समोरासमोरच्या दोन बाजूंची एक जोडी कोरी ठेवा, पुढच्या जोडीवर चित्रे काढा, पुन्हा एक जोडी कोरी, असे अखेरपर्यंत. वही पुढून अंगठ्याने फरफरवली की एकच प्रकार दिसतो, मागून फरफरवली की दुसरा. कोरी वही चित्रांनी भरली असे वाटते, कारण आखूड पान अंगठ्याला लागतच नाही, ते लांब पानाबरोबर निघून जाते. ही युक्ती युरोपात चारशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडच्या रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ साली ती छापून टाकली. त्या काळी तिकडे गरीब म्हाताऱ्या बायकांना चेटकिणी ठरवून मारीत असत. हे सारे थोतांड आहे हे दाखविण्यासाठी त्याने ग्रंथ लिहिला आणि जादूगारांच्या युक्त्या त्यात उघड केल्या.

खेळासाठी वाचनालयाची पुस्तके मात्र वापरू नका. ओढाओढीने कणा उसवतो, पाने दुमडतात. रद्दीतल्या दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर एकाच आकाराची दोन जाड मासिके चालतात. सोडवताना ओढू नये. मधोमध उघडून एक एक पान मागे घेत जावे.